कव्हरच्या मागच्या बाजूची नावं

केशव साठे हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते लंडनमध्ये, एका जॅझ रेकॉर्डच्या कव्हरच्या मागच्या बाजूला. १९२८ साली मुंबईत जन्मलेले हे तबलावादक १९५०च्या दशकात इंग्लंडला आले, इथेच राहिले आणि २०१२ साली गेले. युरोपातल्या जॅझच्या आणि लोकसंगीताच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत त्यांचा तबला आहे. पुण्या-मुंबईच्या संगीतवेड्या घरांत त्यांचा विषय निघायला हवा होता. पण त्या एलपी आपल्याकडे फारशा पोचल्या नाहीत आणि इथेही बराच काळ मिळेनाशा झाल्या होत्या. मग नाव तरी कुठून कळणार?

गेल्या तीसेक वर्षांत जुन्या रेकॉर्ड्स पुन्हा काढणाऱ्या छोट्या कंपन्यांनी हे चित्र बरंच बदललं. पश्चिम लंडनमध्ये पोर्टोबेलो रोडवर ऑनेस्ट जॉन्स नावाचं दुकान आहे, १९७४ साली सुरू झालेलं. पुढे त्यांनी स्वतःचं लेबलही, म्हणजे रेकॉर्ड कंपनीही, काढली आणि १९५०च्या दशकात लंडनमध्ये कॅरिबियन लोकांनी गायलेली कॅलिप्सो गाणी २००२ साली पुन्हा बाजारात आणली. तिथले विक्रेते हवी ती रेकॉर्ड लावून दाखवतात. शेजारी एखादे जमैकन आजोबा उभे असले तर हे गाणं पहिल्यांदा कुठल्या तळघरात वाजलं तेही सांगतात. परदेशात आल्यावर असा मोकळा शेजार मिळणं ही मोठी गोष्ट आहे. माझ्यासाठी ते दुकान म्हणजे या शहराचं वाचनालय आहे.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, हॉलंड पार्कच्या बाजूला, लॅन्सडाउन हाउस ही चित्रकारांसाठी बांधलेली उंच इमारत आहे. तिच्या तळघरात डेनिस प्रेस्टन या निर्मात्याचा स्टुडिओ होता. प्रेस्टन स्वतःच्या हिमतीवर ध्वनिमुद्रण करायचा आणि मग ते मोठ्या कंपन्यांना द्यायचा. म्हणूनच त्याला कुणाला न विचारता विचित्र जोड्या जुळवता आल्या. कलकत्त्याचे व्हायोलिनवादक आणि रचनाकार जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांना त्याने एकत्र आणलं. १९६६ च्या ‘इंडो-जॅझ स्वीट’मध्ये सतारीवर दिवाण मोतिहार, तबल्यावर केशव साठे आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर आहेत.

मला मात्र त्याहून जास्त आवडते ती १९६९ ची ‘हम दोनो’. ‘इंडो-जॅझ स्वीट’मध्ये दोन परंपरा एकमेकींशी थोड्या अदबीनेच वागतात. मेयर यांनी बरंचसं आधी लिहून ठेवलेलं असल्याने जॅझवाल्यांचे हात जरा बांधले जातात. ‘हम दोनो’मध्ये हॅरियटच्या जोडीला गिटारवर अमान्सियो डिसिल्वा आहेत. मूळ गोव्याचं घराणं, जन्म मुंबईचा, आणि १९६०च्या दशकात लंडनला आलेले. तिथे सतार नाही, तंबोरा नाही, भारत दाखवण्याची धडपडही नाही. गिटारच्या वळणांतून आपली सुरावट आपोआप झिरपते. एका रचनेचं नाव ‘बॅलड फॉर गोवा’ आहे. त्याच वर्षीच्या ‘इंटिग्रेशन’ या डिसिल्वांच्या आणखी एका एलपीवर ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ आहे. या एलपींच्या मूळ प्रतींना आज शेकडो पौंड पडतात. नव्याने निघालेली प्रत साधा पगारदार माणूसही घेऊ शकतो.

डिसिल्वांची ‘कोकण डान्स’ तर तेव्हा निघालीच नव्हती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वाजवलेलं ते संगीत २००६ साली पहिल्यांदा लोकांपर्यंत पोचलं. डिसिल्वा १९९६ मध्येच वारले होते. शीर्षकातच कोकण असलेली रेकॉर्ड इतकी वर्षं लंडनमध्ये पडून राहते, याची मला अजूनही हळहळ वाटते.

हॅरियट जमैकात, किंग्स्टनच्या आल्फा बॉइज स्कूलमध्ये वाढला. कॅथलिक जोगिणींनी चालवलेली ही गरीब मुलांची शाळा. तिच्या बँडमधून जमैकाच्या संगीताचे कितीतरी मोठे वादक आले. आपल्याकडे गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकलेली मुलं मुंबईच्या हॉटेलांत आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली, त्याच जातीची ही गोष्ट. आल्फाची बरीचशी मुलं किंग्स्टनलाच राहिली आणि स्का, रेगे हे तिथले संगीतप्रकार वाजवू लागली. त्याच वाटेवर पुढे डब आलं.

डबची हकिगत वेगळीच आहे. किंग टबी, म्हणजे ऑसबोर्न रडॉक, हा मुळात रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागातल्या आपल्या छोट्या स्टुडिओत, चार ट्रॅकच्या मिक्सरवर, तो तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून घ्यायचा. उरलेल्या ढोल-बासला प्रतिध्वनी द्यायचा आणि गाणाऱ्याचा एखादाच शब्द मध्येच सोडायचा. हे संगीत बऱ्याचदा मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला निघे आणि तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर नुसतं ‘व्हर्जन’ लिहिलेलं असे. वाजवणाऱ्यांची नावं गायब. टेप महाग, म्हणून त्याच टेपवर पुन्हा दुसरं ध्वनिमुद्रण व्हायचं. १९८९ मध्ये टबीचा गोळ्या घालून खून झाला.

अशा वेळी मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर या लेबलने १९९३ पासून केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. चांगल्या टेप शोधायच्या, कलाकारांना पैसे द्यायचे, सोबत वाचण्यासारखी पुस्तिका द्यायची आणि कोण काय वाजवतंय ते शक्य तितकं लिहायचं. ‘हार्ट ऑफ द काँगोज’ ही ली पेरी या जमैकन निर्मात्याची १९७७ ची रेकॉर्ड त्यांनी १९९६ मध्ये पुन्हा आणली, तेव्हा कुठे तिला तिची जागा मिळाली. दुसरीकडे, कुठल्याशा फाइलवरून छापलेल्या, मागे एकही नाव नसलेल्या प्रतीही बाजारात असतात. त्या मी घेत नाही. वादकाचं नाव नसेल तर पुन्हा काढण्यात अर्धं काम राहूनच गेलं.

साठे ऐकायचे असतील तर १९६७ ची ‘जॅझ मीट्स इंडिया’ लावा. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या फिलिंगेन गावात ती वाजवली. एका बाजूला इरेन श्वाइत्सरचं पियानो-त्रिकूट, दुसऱ्या बाजूला मोतिहार, साठे आणि तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर. त्यातल्या एका रचनेच्या नावात गंगेशेजारी ब्रिगाख आहे. ती त्या गावची नदी, डॅन्यूबच्या उगमांपैकी एक. दोन बाजूंचे ड्रम आणि तबला जिथे एकमेकांना उत्तरं देतात, तो भाग आवाज वाढवून ऐका.

आता घरच्यांना एक विनंती. मुंबईत, वसईत, गोव्यात ज्यांचे आजोबा-काका बँडमध्ये वाजवायचे, त्यांच्या माळ्यावर स्पूलच्या टेप असतील. त्या उत्साहाने मशीनवर चढवू नका. काही जुन्या टेपचा थर चिकट झालेला असतो आणि चालवताना तो निघून येतो. आपल्या दमट हवेत बुरशीही धरते. काही टेप आधी मंद उष्णतेत सुकवाव्या लागतात. ते काम जाणकाराकडेच द्या. तोवर त्या कोरड्या जागी उभ्या ठेवा. आणि घरात वाजवणाऱ्यांना ओळखणारं कुणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसून प्रत्येक वादकाचं नाव, वाद्य आणि जमलं तर साल पेन्सिलीने डब्यावर लिहून घ्या.