मुडद्याला विचारलेला चौथा प्रश्न

पटकथेच्या माझ्या शनिवारच्या वर्गात एकाने एकशे दहा पानांची संहिता आणली आणि टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आदळलीच. ही पोरं दर रविवारी कोथरूडला एका मित्राच्या घरी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात; टेबलाभोवती बसून, फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ. हा त्यांचा डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, गोष्ट सांगून खेळ चालवणारा. चार वर्षं चाललेल्या कॅम्पेनचा, म्हणजे खेळातल्या सलग गोष्टीचा, त्याला सिनेमा करायचा होता. पहिली तेवीस पानं नुसता इतिहास: कुठला राजा कुणाचा पुतण्या, कुठल्या लढाईत कुठला गड पडला. पात्रं उगवली चोविसाव्या पानावर.

“सर, हे माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही.”

“तुझ्या मित्रांना हे सगळं पाठ आहे?”

तो ओशाळून हसला. “छे. मी हे सांगतो तेव्हा ते वेफर्स खात असतात.”

तिथेच ठरवलं, आज व्याख्यान रद्द, खेळायचं. फासा मी आयुष्यात टाकला तो सापशिडीत. हा वीस बाजूंचा, सुपारीएवढा. पहिल्याच फटक्यात कपाटाखाली गेला. काढायला झाडू आणावा लागला, मग चहाच्या ट्रेमध्येच टाकायचं ठरलं.

प्रसंग मी सुचवला तो याच खेळावर 2023 साली आलेल्या ‘ऑनर अमंग थीव्ज’ या सिनेमातला, दफनभूमीचा. त्यातली टोळी माहिती काढायला जुने मुडदे उकरते आणि मंत्राने त्यांना बोलतं करते. हा मंत्र खेळाच्या पुस्तकातलाच आहे. मुडद्याचं तोंड शाबूत हवं. दहा मिनिटांत फार तर पाच प्रश्न. जिवंतपणी माहीत होतं तेवढंच तो सांगणार, आणि खरंच बोलायचं असं त्याच्यावर बंधन नाही. सिनेमातली मंडळी आपसातल्या बडबडीतच प्रश्न उडवतात आणि पुन्हा कुदळ घेतात.

आमच्या टेबलावर डीएम मुडदा झाला. हरवलेली तलवार शोधायची होती.

“तलवार कुठे आहे?”

“कुठली तलवार?”

“आम्हाला ओळखलंस का?”

“नाही.”

मी घाईघाईने म्हणालो, “थांब, हा पण प्रश्न धरला का?”

“धरला. तीन झाले.”

वर्ग फिदीफिदी हसला. मग कोपऱ्यातली, बँकेत नोकरी करणारी, दोन महिन्यांत तोंडातून शब्द न काढलेली मुलगी म्हणाली, “तुम्हाला थंडी वाजते का?”

डीएमने वही चाळली. वहीत याचं उत्तर कुठून असणार! त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आता नाही,” तो म्हणाला.

ट्रेमधल्या फाशाला कुणी हात लावला नाही. तलवार तर सगळे विसरूनच गेले.

एकशे दहा पानांत असं एकही वाक्य नव्हतं. ते मी त्याला सांगितलं, जरा कडकच सांगितलं. तो म्हणाला, “पण सर, हे तर आयत्या वेळी झालं.” मुद्दा बिनतोड होता. टेबलावर पुढचं डीएमलाही ठाऊक नसतं. सिनेमात सगळं आधी लिहिलेलं असतं आणि फासा दाखवता येत नाही.

मग मी त्या सिनेमातला पूल लावून दाखवला. गोल्डस्टीन आणि डेली या दिग्दर्शकांनी इथे खरा डाव साधलाय. दगडी पूल, खाली दरी, आणि कुठल्या चिऱ्यावर कधी पाय ठेवायचा याचे लांबलचक, किचकट नियम. धर्मयोद्धा ते गंभीरपणे समजावत असतो, तेवढ्यात जादूगाराचा पाय चुकून पहिल्याच चिऱ्यावर पडतो आणि अख्खा पूल कोसळतो. डीएम खो खो हसत सुटला. “माझा पूर्ण रविवार असाच वाया गेलाय, सर!” फासा कुठेही दिसत नाही, पण एक, म्हणजे सगळ्यात वाईट आकडा, पडलाय हे कळतं. 2000 साली याच खेळावर आलेला सिनेमा आपटला, त्यात ड्रॅगनांना तोटा नव्हता. असा पाय घसरणारा माणूस मात्र मला त्यात सापडत नाही.

डीएमची एक तक्रार होतीच. सिनेमातली ड्रुइड, म्हणजे रूप बदलणारी निसर्ग-जादूगारीण, घुबड-अस्वलाचं रूप घेते, आणि नियमांप्रमाणे ते चालत नाही. रूप फक्त साध्या जनावराचं घेता येतं. मी म्हटलं, तिकीट काढणारा नियमांचं पुस्तक घेऊन बसत नाही. त्याला ते पटलं नाही. न पटू दे.

साडेआठला वॉचमनने बाहेरचे दिवे घालवायला सुरुवात केली. पाचवा प्रश्न राहूनच गेला. डीएम म्हणाला, सिनेमातही एक मुडदा असाच राहतो, श्रेयनामावली चालू असताना बिचारा उरलेल्या प्रश्नाची वाट बघत असतो.

जिन्यात बँकेतली मुलगी थांबली.

“आपला अजून बसलाय का तसाच?”

“बसलाय,” डीएम म्हणाला, “पुढच्या शनिवारपर्यंत.”