लॉनसाठी फाइन फेस्क्यू निवडताना आलेला माझा अनुभव

आमच्या लॉनचा बराचसा भाग झाडांच्या सावलीत, माती कोरडी, आणि सारखं पाणी घालत बसायला घरात कोणालाच वेळ नाही, त्यामुळे फाइन फेस्क्यू लावायचं हे पटकन ठरलं. (हे थंड हवेचं गवत आहे, तुमच्याकडे उन्हाळा कडक असेल तर नादाला लागू नका.)

खरा घोळ पुढे. ही एक जात नाहीच, मुख्य प्रकार पाच: स्ट्राँग क्रीपिंग रेड, स्लेंडर क्रीपिंग रेड, चुइंग्ज, हार्ड आणि शीप, आणि प्रत्येकात ढिगाने व्हरायट्या. पाती सगळ्यांचीच बारीक, फोटो बघून काही कळत नाही. मग अमेरिकेतल्या एनटीईपी (लॉनच्या गवतांच्या व्हरायट्या तपासून तुलना करणारा तिथला राष्ट्रीय कार्यक्रम) चाचण्यांचे तक्ते काढले, त्यात १ ते ९ मार्क असतात, ९ म्हणजे बेस्ट. पण त्याच तक्त्यात खाली एलएसडी म्हणून एक आकडा असतो, दोन व्हरायट्यांच्या मार्कांतला फरक त्याहून कमी असेल तर तो धरायचाच नाही. तसं बघायला लागलो तर वरच्या कितीतरी व्हरायट्या सारख्याच निघाल्या! म्हटलं जाऊ दे, पहिला नंबर कोणाचा हे शोधण्यात अर्थ नाही, आधी प्रकार ठरवू.

हार्ड फेस्क्यू कोरड्यात चांगलं तग धरतं, खतही कमी लागतं, पण सुरुवातीला वाढ फार हळू. चुइंग्ज दाट येतं आणि सावलीत बरं चालतं, पण ते झुपक्याने वाढतं, पसरत नाही. स्ट्राँग क्रीपिंग रेड जमिनीखालून फुटवे काढतं म्हणून छोटे रिकामे पॅच आपोआप भरतात. शीपचा रंग निळसर, बाकीच्यांत वेगळा दिसतो, म्हणून नको म्हटलं. स्लेंडर क्रीपिंग खारट जमिनीत कामाचं, आमच्याकडे तो प्रश्न नाही. शेवटी हार्ड जास्त आणि बाकी दोन थोडे असं मिक्स घेतलं, कारण सगळे एकाच रोगाला सारखे बळी पडत नाहीत, एकाला काही झालं तरी सगळं लॉन जात नाही. हार्डमध्ये बीकन, चुइंग्जमध्ये रडार.

पिशवीवरचं लेबल मात्र नीट वाचा. व्हरायटीचं नाव नसेल तर मी तरी घेणार नाही, आणि तणाच्या बियांची टक्केवारी बघायचीच. बियांच्या उगवण टेस्टची तारीखही ताजी हवी, कारण काही व्हरायट्यांमध्ये एंडोफाइट नावाची बुरशी असते, ती पानं खाणाऱ्या काही किडींपासून गवताला वाचवते, पण बियाणं गरम जागी पडून राहिलं की ती मरते, बी उगवतं पण तो फायदा गेला.

पेरणी उन्हाळा संपता संपता केली, चौरस मीटरला साधारण २० ते २५ ग्रॅम, खत अगदी बेताचं. पोरं जिथे फुटबॉल खेळतात तिथे हे टाकलंच नाही, एवढी तुडवातुडव त्याला सोसत नाही, तिथे टॉल फेस्क्यू, म्हणजे जाड पात्याचं, तुडवणं जास्त सोसणारं वेगळं गवत.