दर्यापूरची हिरवी टिकली : आमची वाटचाल

लग्नाच्या व्हिडिओचं रेंडरिंग, म्हणजे तुकडे जोडून पक्की फाइल बनवणं, एकदा लावलं की तो कॉम्प्युटर दुसऱ्या कोणाच्या कामाचा राहत नाही. प्रोसेसरचे चारही कोर शंभर टक्क्यांवर जातात, पंखा घोंघावतो आणि नेमका तेव्हाच काउंटरवर पासपोर्ट फोटोसाठी एखादा पोरगा उभा असतो. फॉर्मची शेवटची तारीख आणि गावाकडची एसटी, दोन्ही त्याच्या डोक्यावर. २०१४ च्या सुमारास आमच्या यांच्या स्टुडिओत हे रोजचं होतं. रेंडरिंग रात्री लावावं म्हटलं तर रात्री लोडशेडिंग. सकाळी पाहावं तर फाइल अर्धवट.

मी अमरावतीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून लग्नानंतर दर्यापुरात आले. पुण्याला जायचं नव्हतं, म्हणून स्टुडिओच्या मागच्या खोलीत दुरुस्तीचं काम सुरू केलं. आमची फर्म म्हणजे मुळात ही दुरुस्ती. कॉम्प्युटर अडकू नये म्हणून लिहिलेली ‘टिकली’ ही छोटी युटिलिटी त्यातून निघाली.

फोटो कापणाऱ्या माणसाला प्रोसेसर फार लागत नाही. क्षणभर लागतो, पण मागितला की लगेच लागतो. रेंडरिंगला सगळा लागतो, पण त्याला घाई नसते. विंडोज मात्र दोघांना एकाच रांगेत उभं करते. समोरच्या खिडकीला थोडी सवलत देते, पण भरपूर थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) घेऊन बसलेल्या रेंडरिंगपुढे ती पुरत नाही. मग आम्ही एक छोटा प्रोग्राम लिहिला. कोण किती प्रोसेसर खातंय ते तो दर सेकंदाला पाहतो. मशीन गच्च भरलेलं असेल आणि मागचा एखादा प्रोग्राम सलग काही सेकंद ताव मारत असेल, तर त्याचा अग्रक्रम ‘नॉर्मल’वरून एक पायरी उतरवून ‘बिलो नॉर्मल’वर आणतो. गर्दी सरली की पुन्हा जागेवर. टास्क मॅनेजरमधून हे हातानंही करता येतं, पण गिऱ्हाइकं ताटकळत असताना कोण करत बसतं?

वरच्या, म्हणजे ‘हाय’ आणि ‘रिअलटाइम’ या पायऱ्यांना आम्ही हात लावत नाही. रिअलटाइमवर चढवलेला प्रोग्राम बिथरला तर माउस-कीबोर्डलाही पाळी मिळत नाही. पुढच्याला वर चढवण्यापेक्षा मागच्याला जरा खाली सारणं बरं. रेंडरिंग त्यामुळे फारसं लांबत नाही, कारण माणूस फोटो कापून उठला की सगळे कोर पुन्हा रेंडरिंगचेच. पण हे पटवणं सोपं नव्हतं. “वहिनी, माया व्हिडिओ तं उशिरा नाही ना व्हणार?” असं अकोटपासून मूर्तिजापूरपर्यंत प्रत्येक स्टुडिओवाल्यानं विचारलं. घड्याळ लावून दाखवलं तेव्हा कुठे पैसे निघाले. तेही लगनसराई संपल्यावर.

स्क्रीनवर खाली घड्याळाशेजारी एक हिरवी टिकली दिसते. कोणाला मागे सारलं की ती केशरी होते. युटिलिटीचं नाव आम्ही इंग्रजी ठेवलं होतं, ते कोणी घेतलं नाही. आता बिलावरही ‘टिकली’च लिहितो.

स्टुडिओनंतर सेतू केंद्रं आली. तिथलं दुखणं निराळं. ४ जीबी रॅम, ब्राउझरचे ढीगभर टॅब आणि जुलैअखेरची पीक विम्याची गर्दी. रॅम भरली की विंडोज त्यातला मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. फिरत्या तबकडीची डिस्क असली विखुरलेली वाचनं सेकंदाला शंभरेकच करू शकते. तिथं प्रोसेसरच्या अग्रक्रमाचा काय उपयोग? अँटिव्हायरसचं स्कॅन आणि अपडेट यांची डिस्कवरची पाळी मागे नेण्याची सोय आम्ही घातली. विंडोजमध्ये ती व्हिस्टा या जुन्या आवृत्तीपासून आहे. फरक पडला, पण थोडाच. मग सरळ सांगू लागलो की एसएसडी (तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घ्या, रॅम वाढवा, आणि ते बसवूनही देऊ लागलो. आजही आमच्या हाती युटिलिटीपेक्षा त्यातून जास्त पैसा येतो.

याच काळात मोठ्या शहरातला एक डीलर आला. त्याला टिकलीत ‘रॅम साफ’ असं बटण हवं होतं, दाबलं की काटा झर्रकन खाली यावा असं. ते करणं अवघड नाही. चालू प्रोग्रामांची पानं, म्हणजे त्यांच्या मजकुराचे तुकडे, रॅममधून जबरदस्तीनं बाहेर काढली की आकडा छान दिसतो. मात्र पुढच्याच क्लिकला तीच पानं परत आणावी लागतात, आणि आधीपेक्षा जास्त अडकतं. डीलरला हे माहीत होतं. “लोकांना आकडा लागतो, मॅडम,” म्हणाला. ऑर्डर मोठी होती, आमच्या यांचा जीव थोडा वरखाली झाला. आम्ही नाही म्हटलं. असली बटणं विकणाऱ्यांबद्दल माझं मत इथं न लिहिलेलंच बरं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते जिनिंगनं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांनी. दसरा-दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की गेटबाहेर गाड्यांची रांग लागते. काट्यावर प्रत्येक गाडी दोनदा चढते, भरलेली आणि रिकामी. काट्याच्या कॉम्प्युटरवर सिरियल केबलनं वजन येतं, त्याच मशीनवर हिशेब असतो, आणि मालकानं त्याच स्क्रीनवर कॅमेऱ्यांचं थेट चित्रही लावलेलं असतं. ते चित्र उलगडण्यातच प्रोसेसर थकून जातो. वजन स्क्रीनवर उमटायला उशीर झाला की शेतकऱ्याला वाटतं काटा मारला, आणि बाहेर आवाज चढतो. त्यामुळे वजन वाचणाऱ्या प्रोग्रामला कधीच मागे सारायचं नाही, अशी राखीव यादी टिकलीत घातली. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही त्या यादीत गेलं, कारण मालकाला तोलाइतकीच चोरीची धास्ती. मागे सारायचं ते फक्त थेट चित्र दाखवणाऱ्या खिडकीला. “चित्र अटकलं तं अटकू द्या, वजन नको अटकाले,” हे मुनीमजींचं वाक्य आमच्या लेखी त्या यादीचा नियम झालं.

तिथंच दुसरी गोष्ट कळली. एका जिनिंगमध्ये टिकली सारखी केशरी व्हायची तरी मशीन मठ्ठच. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरवरच्या हीटसिंकमध्ये (उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) रुईचा थर बसलेला, वारा जायला फटच नाही. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा स्वच्छ मशीनसुद्धा हेच करतं. म्हणून वार्षिक करारात ब्लोअरनं साफसफाई आली. पोरं ब्लोअर घेऊन जातात आणि नाकातोंडात रुई भरून परत येतात.

मधली वर्षं सहीच्या, म्हणजे प्रोग्राम कोणाचा ते सांगणाऱ्या डिजिटल सहीच्या, खटपटीत गेली. सही नसलेला प्रोग्राम उतरवला की विंडोज निळी पाटी दाखवून घाबरवते, आणि दुसऱ्या प्रोग्रामांचा अग्रक्रम हलवणारा प्रोग्राम अँटिव्हायरसला आधीच संशयास्पद वाटतो. त्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये (पेनड्राइव्हसारख्या यंत्रात) किंवा तसल्याच सुरक्षित हार्डवेअरमध्ये ठेवायची सक्ती आली. आम्ही टोकन घेतलं. ते टोकन आता तिजोरीत दागिन्यांशेजारी असतं. दर्यापुरातल्या फर्मला हा खर्च जड जातो, पण बाहेरगावचं गिऱ्हाईक त्याशिवाय टिकत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे नेहमीचे अपडेट, संपला आणि आमच्या कितीतरी गिऱ्हाइकांची मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम पाहायला घेतली. तिथं आमच्या आधी बऱ्याच जणांनी हे दुखणं ओळखलेलं. ऑस्ट्रेलियातले कॉन कोलिवास हे भूलतज्ज्ञ डॉक्टर. डेस्कटॉप अडकू नये म्हणून त्यांनी शेड्युलर, म्हणजे प्रोसेसरची पाळी वाटणारे प्रोग्राम, लिहिले. २०१० मध्ये माइक गॅलब्रेथ यांनी एक छोटासा पॅच (बदलाचा तुकडा) दिला, जो एका टर्मिनलमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, सुटलेल्या सगळ्या प्रोसेसना मिळून एकच वाटा देतो. मार्च २०११ च्या २.६.३८ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तो आला. आमची अर्धी युटिलिटी तिथं कर्नलमध्येच सापडली, हे पाहून हसू आलं. उरलेलं काम म्हणजे सीग्रुप या कर्नलमधल्या सोयीनं मागच्या कामांचा वाटा ठरवणं आणि झेडरॅमनं, म्हणजे मजकूर दाबून रॅममध्येच ठेवून, कमी रॅम ताणून वापरणं. यात विकण्यासारखं फार नाही, बसवून देण्याची मजुरी तेवढी आहे.

अंजनगावच्या एका सेतू केंद्रात जुन्या मशीनवर हे चालवून पाहतोय. ब्राउझर ठीक चालतो, प्रिंटरही लागला. अंगठ्याच्या यंत्राचं अजून जमत नाही, आणि ते जमल्याशिवाय त्या केंद्राकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरलंय.