सावलीतलं ऊन

"ओ मॅडम, मशीन सावलीत कायले लावताय? उन्हात लावा ना!"

रावेर तालुक्यातली एक केळीची बाग, सकाळचे साडेआठ, आणि बागमालक काका बांधावरून जवळजवळ पळतच आले. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या पोराने शेवरीच्या बुडाशी एक प्लास्टिकचा डबा बांधला होता, त्यातून दोन वायरी लोंबकळत होत्या, आणि काकांना वाटलं आम्ही विमा कंपनीची माणसं. बरं, त्यांचं काही चुकलं नाही. फळपीक विम्यात केळीला उन्हाचे पैसे तापमानावर मिळतात, ठराविक महिन्यात सलग इतके दिवस पारा इतक्या अंशांच्या वर गेला तरच, आणि तो पारा तुमच्या बागेतला नाही तर महसूल मंडळात जे हवामान केंद्र बसवलंय तिथला. म्हणजे ज्या माणसाचं वर्षभराचं उत्पन्न अर्ध्या अंशावर अडकलंय तो कुठलंही मशीन दिसलं की पळत येणारच. आम्ही कॉलेजचे म्हणलं तर त्यांचा चेहरा पडला, पण चहा मात्र पाजला.

तर आम्ही तिथे काय करत होतो ते सांगते.

नवीन शैक्षणिक धोरणातली ती चार वर्षांची ऑनर्स डिग्री आपल्याकडे संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून आली हे बहुतेकांना माहीतच असेल (आपलं विद्यापीठ म्हणजे बहिणाबाईंच्या नावाचं, जळगावचं). चौथ्या वर्षी ज्यांना 75 टक्क्यांच्या वर आहेत त्यांनी 12 क्रेडिटचं संशोधन करायचं वगैरे पुढचं पुढे. पण त्याच्या आधी दुसऱ्या वर्षाला एक फील्ड प्रोजेक्ट असतो, 2 क्रेडिट म्हणजे 60 तास. बहुतेक ठिकाणी याचं जे होतं ते होतं, गुगलवरून चार पानं, एक ग्रुप फोटो, स्पायरल बाइंडिंग, झालं. आमच्या कॉलेजात (नाव नको, प्राचार्य वाचतात) यंदा ठरलं की गट मिश्र करायचे, वेगवेगळ्या विभागांतली पोरं एकत्र, आणि विषय समाजाच्या प्रश्नावरचा. परिपत्रकात 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द तीन वेळा आला होता आणि तिन्ही वेळा वेगळा टाइप झाला होता.

माझ्या वाट्याला चारजण. इलेक्ट्रॉनिक्सवाला, बॉटनीवाली, कॉमर्सवाली आणि एक भूगोलवाला. आणि गाइड मी, मराठीची. स्टाफरूममध्ये दोन दिवस माझी चेष्टा चालली होती की आता मॅडम थर्मामीटरचं रसग्रहण करणार.

विषय पोरांनीच आणला. कॉमर्सवालीची आजी शेतमजुरीला जाते आणि 2024 च्या मे महिन्यात उन्हामुळे जळगाव जिल्ह्यात 144 कलम लावलं होतं, क्लासेस दुपारचे बंद वगैरे, ते आठवतंय ना, तेव्हा ही घरात बसून होती आणि आजी कामाला. तर तिचा प्रश्न साधा होता. उन्हात काम करणाऱ्यांना नेमका काय त्रास होतो आणि त्याची नोंद कुठे असते का.

पहिला घोळ तिथेच झाला. प्रश्नावली. पोरांनी एआयकडून की कुठून एक छान प्रश्नावली काढली, 'उष्णतेमुळे आपणास आरोग्यविषयक समस्या जाणवतात का? होय / नाही'. मार्चमध्ये आम्ही सकाळी साडेसहाला चौकात जाऊन उभे राहिलो, जिथून बायका अ‍ॅपेत बसून वावरात जातात. सगळ्यांचं उत्तर नाही. एकीने फक्त होय म्हणलं आणि पटकन ओठ उलटा करून तोंडातले फोड दाखवले. "उष्णता तं मले लई दिवसांपासून हाये बाई, जिरं-खडीसाखर खाते."

मी तिथे उभ्या उभ्याच कपाळाला हात लावला. अरे, वीस वर्षं मी भाषा शिकवतेय आणि हे मला आधी सुचलं नाही! आपल्याकडे उष्णता ही अंगात असते. डोळे जळजळले, तोंड आलं, पायाला भेगा पडल्या की उष्णता झाली म्हणतात. बाहेर असतं ते ऊन, नाहीतर तपन. ऊन लागतं, ऊन बाधतं. उष्णतेची लाट हा शब्द रेडिओवाल्यांचा. त्या बायका खोटं बोलत नव्हत्या, आम्ही भलतंच विचारत होतो.

मग ती प्रश्नावली फाडली आणि नुसतं विचारलं, ऊन लागलं की काय होतं? आणि बायका जे सुटल्या! डोकं धरतं, पोटऱ्या वळतात, चक्कर येते, घरी गेलं की जेवण जात नाही. आणि मग एक म्हातारी हळूच, पोरगा जरा बाजूला गेल्यावर, "उन्हाळी लागते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, उन्हाळी लागणे म्हणजे लघवीला जळजळ होणे. शरीरात पाणी कमी पडलं की होतं. एका शब्दात कारण आणि आजार दोन्ही आलं बघा. कॉमर्सवालीने विचारलं, मग पाणी कमी का पिता आजी, हंडा तर भरलेला असतो. तर म्हातारी तिच्याकडे अशी बघत राहिली की ही कुठून आली. "पिलं तं जावं लागते ना माय. केळीत आडोसा तरी सापडते. कांद्याच्या वावरात कुठी बसू?"

हे वाक्य भूगोलवाल्याने वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि परतीच्या लालपरीत कोणी काही बोललं नाही. आमचा प्रोजेक्ट त्या दिवशी बदलला. तोपर्यंत आम्ही तापमान मोजायला निघालो होतो.

मोजणं अर्थात सोडलं नाही, कारण इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने गोळा करून ठेवलेलं सामान वाया गेलं असतं तर तो रडलाच असता. त्याचं यंत्र एकदा बघण्यासारखं आहे. माणसाला ऊन किती बाधेल हे नुसत्या पाऱ्यावरून कळत नाही म्हणे, हवेतला ओलावा, वारा आणि अंगावर पडणारी धग हे सगळं धरून एक आकडा काढतात. त्यात ओल्या वातीच्या थर्मामीटरचं वजन 0.7, काळ्या गोळ्यातल्या तापमानाचं 0.2 आणि साध्या हवेचं फक्त 0.1. म्हणजे आपण रोज पेपरात जे 'पारा 44 वर' वाचतो त्याला या हिशोबात दहातला एक वाटा! खरा काळा गोळा तांब्याचा असतो आणि महाग असतो, म्हणून आमचा टेबल टेनिसचा बॉल, 40 मिलिमीटरचा, पोटात सेन्सर घालून काळा रंगवलेला. पहिल्यांदा चकचकीत ऑइलपेंट आणला, तो ऊन परत फेकतो म्हणून पुन्हा घासून मॅट रंग दिला. आणि ओली वात म्हणजे याच्या पीटीच्या पांढऱ्या बुटाची लेस, एक टोक पाण्याच्या बाटलीत. काकांनी लेस पाहून विचारलं होतं की हे सरकारी आहे का.

बागेत आणि बाहेर एकाच वेळी मोजल्यावर बॉटनीवालीचा मुद्दा कळला. मजुरांशिवाय बाकी सगळे, म्हणजे आम्ही धरून, समजत होतो की केळीच्या बागेत काय, एसीच आहे. पारा खरंच बाहेरपेक्षा बराच खाली होता. पण एवढाली मोठमोठी पानं दिवसभर पाणी हवेत सोडतात, खाली ड्रिपने ओल, कडेने वाऱ्याला अडवायला शेवरी, त्यामुळे आत हवा हलतच नाही आणि घाम वाळत नाही. कापणीच्या टोळीतली पोरं खांद्यावर घड घेऊन बागेतून गाडीपर्यंत ये-जा करतात, त्यांना विचारलं तर म्हणाले आत जीव कोंडतो आणि बाहेर भाजतो, ज्याला जे पाहिजे ते घ्यावं. (घडाचं वजन त्यांनी मला उचलून बघायला सांगितलं. मी उचललं नाही.)

भूगोलवाल्याने मग हवामान खात्याचं गणित काढलं. मैदानी भागात पारा किमान 40 पाहिजे आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, तर उष्णतेची लाट, नाहीतर मग सरळ 45 किंवा त्याच्या वर. आता आपल्याकडे मे महिन्यात सरासरीच 42 च्या आसपास, म्हणजे 43-44 च्या दिवशी जळगाव-भुसावळात अधिकृत लाट नसते. नुसता मंगळवार असतो. आणि तो पाराही पांढऱ्या जाळीदार लाकडी पेटीत, सावलीत मोजलेला. हे काकांना समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग हे सावलीतलं ऊन मोजतात म्हना की." मी हेच रिपोर्टचं शीर्षक ठेवा म्हणलं. ठेवलं नाही पोरांनी, ऑफिशियल वाटत नाही म्हणे, म्हणून इथे वापरलं.

कॉमर्सवालीचं काम सगळ्यात उशिरा आलं आणि मला तेच सगळ्यात आवडलं. तिने विम्याच्या अटी वाचल्या, अगदी ओळ न् ओळ, आणि एका पानावर दोन रकाने केले. डावीकडे केळी. तिला ऊन किती बाधतं, कोणत्या महिन्यात, किती अंशांना, किती दिवसांनी, किती रुपये. सगळं ठरलेलं, कारण ऊन वाढलं की पानं करपतात, घड निसटतात, हे शास्त्रज्ञांनी मोजून ठेवलंय. उजवीकडे केळी कापणारा माणूस, आणि तो रकाना कोरा. तिने काही लिहिलंच नाही त्यात. मग तिनेच शोधलं की गुजरातेत 'सेवा' (SEWA) या कष्टकरी बायकांच्या संघटनेने 2023 पासून कामगार बायकांसाठी असाच विमा चालू केलाय, पारा ठरलेल्या हद्दीच्या वर राहिला की पैसे खात्यात, नुकसान सिद्ध करत बसायचं नाही. अहमदाबादने तर 2010 च्या उन्हाळ्यात माणसं गेल्यावर 2013 मध्येच उन्हाचा आराखडा केला होता. आपल्या इथून अहमदाबाद म्हणजे काय, भुसावळहून रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथे.

आता कटकट सांगते. सबमिशन 31 मार्चला. उन्हावरचा प्रोजेक्ट, 31 मार्चला! सत्राचं वेळापत्रक म्हणे. थंडीवरचा असता तर जूनमध्ये मागितला असता बहुतेक. पोरांनी मार्चच्या आकड्यांवर रिपोर्ट दिला, मार्क मिळाले, आणि मग एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर चौघंही, एकही क्रेडिट नसताना, परत आली. कांदा काढणी चालू होती. खरं काम तेव्हा झालं, ते कुठल्याच रिपोर्टात नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी चौघांना एकच प्रश्न विचारला, यात तुमचा विषय कुठे आहे? बॉटनीवालीला म्हणाले यात वनस्पतीपेक्षा बायकाच जास्त आहेत. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला म्हणाले सर्किट तर बारावीचं आहे. भूगोलवाल्याने उन्हाळीवर बोलायला सुरुवात केली तर सर घड्याळ बघायला लागले. गुणपत्रिकेतही 'विषय' असा एकच रकाना आहे, तिथे काय लिहायचं यावर ऑफिसात अर्धा तास गेला, शेवटी ज्याचा जो मेजर, म्हणजे मुख्य विषय, तो लिहिला. रागवून काय करता, सर माणूस वाईट नव्हते, त्यांना फॉर्म भरायचा होता.

एप्रिलच्या त्या चकरांमध्ये पोरांनी एक उद्योग केला. कांद्याच्या वावराच्या मालकाला पटवून कोपऱ्यात चार बांबू रोवले, त्यांना ताडपत्री गुंडाळली, आत खड्डा, बाहेर पाण्याचा ड्रम. पहिल्या दिवशी कोणी गेलंच नाही, लाजेने. दुसऱ्या दिवशी ती म्हातारी गेली आणि येताना मोठ्याने म्हणाली, "जा वो, साप नाही आतमधी." मग सगळ्या. कॉमर्सवाली रोज संध्याकाळी हंड्यात किती पाणी उरलं ते लिहायची, आणि हंडा रिकामा होऊन दुपारी परत भरावा लागायला लागला. आठ दिवसांचा डेटा, यावर काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण तो हंडा मी स्वतः पाहिलाय.

नवव्या दिवशी संध्याकाळी अवकाळी आला. वारा, विजा, सगळं. वावरात काढलेल्या कांद्याची पोळ उघडी पडलेली. मालकाने धावत जाऊन बांबूची ताडपत्री सोडली आणि कांद्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी गेलो तर चार बांबू नुसते उभे. इलेक्ट्रॉनिक्सवाला भडकला होता, पण त्याला म्हणलं, बाबा, तुझ्या घरचा कांदा असता तर तू काय केलं असतंस? तो काही बोलला नाही. त्याच्या घरी कांदाच आहे.

मग दुसरी ताडपत्री घेतली. फील्ड प्रोजेक्टच्या खर्चातून मिळेल म्हणून बिल ऑफिसात दिलं, तर क्लार्क भाऊंनी विचारलं, मॅडम, हे कुठल्या विभागाच्या हेडखाली टाकू, मराठीच्या की बॉटनीच्या? जूनपासून ते बिल त्यांच्या टेबलावर, पेपरवेटखाली आहे.