खरा किल्ट कोणता?

"पण हा खरा पारंपरिक आहे ना?" स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या दुकानात शेजारच्या पर्यटकानं विचारलं. शिवणाऱ्या आजोबांनी काही न बोलता किल्ट, म्हणजे तिथल्या पुरुषांचा घागऱ्यासारखा चुण्यांचा पोशाख, उलटा करून आतली बाजू दाखवली.

हातानं घातलेले टाके. आठ वार लोकरी कापड चुण्यांत दुमडलेलं, तरी बाहेरून टार्टनची, म्हणजे त्या रंगीत चौकड्यांच्या नक्षीची, एकही चौकट मोडलेली नाही. मी बघतच राहिले.

मूळचा किल्ट शिवलेला नव्हताच. अख्खं कापड अंगाभोवती घेऊन पट्ट्यानं आवळायचे. आखूड किल्ट अठराव्या शतकातला; १७४६ च्या कायद्यानं तर स्कॉटलंडमध्ये त्यावर बंदीच आली, ती १७८२ मध्ये उठली.

माझी आजी शिवलेल्या नऊवारीला नऊवारी म्हणायचीच नाही. ते टाके तिला दाखवले असते, तर काय म्हणाली असती?