शेफील्ड एफसी: पबमागच्या मैदानावर सर्वांत जुना क्लब

शेफील्ड एफसी हा जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो, परंतु त्याचा घरचा सामना पाहायचा तर इंग्लंडमधले शेफील्ड शहर सोडावे लागते. शेफील्डहून ड्रॉनफील्डची गाडी धरली की थोड्याच वेळात आपण यॉर्कशायर ओलांडून डर्बीशायरमध्ये उतरतो. तिथे ‘कोच अँड हॉर्सेस’ नावाचा पब आहे आणि त्याच्या पाठीमागे २००१पासून हा क्लब खेळतो. मी पाहिलेला सामना इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीतल्या आठव्या स्तराचा होता. चहाचा कागदी पेला हातात धरून कठड्याला टेकले की थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूची धाप ऐकू येते आणि बचावपटूंनी एकमेकांना हासडलेल्या शिव्याही.

क्लबची स्थापना २४ ऑक्टोबर १८५७ रोजी नॅथॅनियल क्रेस्विक आणि विल्यम प्रेस्ट यांनी केली. दोघेही मूळचे क्रिकेटवाले. हिवाळ्यात शरीर चपळ राहावे, एवढाच त्यांचा हेतू होता. सामना खेळायला दुसरा क्लबच नसल्यामुळे सभासद आपसांतच, विवाहित विरुद्ध अविवाहित अशा जोड्या लावून खेळत. १८५८च्या नियमांत प्रत्येक खेळाडूने लाल आणि गडद निळी अशा दोन फ्लॅनेलच्या टोप्या स्वतःच आणाव्यात, असे कलम आहे, त्याचे कारण हेच असावे: आज कोणाच्या बाजूने खेळायचे, हे मैदानावर आल्यावरच ठरणार! त्याच नियमांनी हाताने ढकलण्याची मुभा दिली. नडगीवर लाथ मारणे किंवा पाय घालून पाडणे मात्र पूर्णपणे निषिद्ध ठरवले. आज आपण गृहीत धरतो ती कॉर्नर किकही शेफील्डच्याच नियमांतून पुढे आली.

प्रतिस्पर्धी मिळाला तो १८६० साली, हॅलम या क्लबच्या रूपाने. शहराच्या पश्चिमेला क्रॉसपूल भागातल्या सँडीगेट मैदानावर २६ डिसेंबर १८६० रोजी झालेला पहिला सामना शेफील्डने २-० असा जिंकला. हॅलम आजही तिथेच खेळतो आणि जगातले सर्वांत जुने फुटबॉल मैदान म्हणून सँडीगेटची नोंद आहे. मी मुद्दाम तिथेही जाऊन आलो. मैदानाला इतका उतार आहे, की वरच्या अंगाला खेळणाऱ्या संघाचा हेवा वाटावा. या दोन क्लबांमधले सख्य तेव्हापासूनच बेताचे दिसते. डिसेंबर १८६२मध्ये लँकेशायरच्या संकटग्रस्त कामगारांच्या मदतीसाठी शेफील्डमधल्या ब्रॅमल लेन मैदानावर झालेल्या सामन्यात क्रेस्विकचा हात चुकून लागला, तेव्हा हॅलमच्या वॉटरफॉलने वास्कीट काढून फेकले आणि तो मारामारीला उभा ठाकला. शिक्षा म्हणून त्याला गोल राखायला धाडण्यात आले.

एवढा मान असलेला क्लब खालच्या स्तरात का राहिला, याचे उत्तर १८८५मध्ये सापडते. त्या वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. शेफील्ड एफसीने मात्र हौशी राहणेच पसंत केले. पगारी खेळाडूंच्या अ‍ॅस्टन व्हिला, नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यासारख्या संघांकडून सपाटून मार खाल्ल्यावर त्यांनी हौशी क्लबांशीच खेळायचे ठरवले. १९०४ साली ईलिंगला ३-१ असे हरवून त्यांनी हौशी क्लबांसाठीचा एफए अमॅच्युअर कप जिंकला. माझ्या मते ही या क्लबची सर्वांत मोठी कमाई आहे, कारण ती त्यांनी स्वतः निवडलेल्या वाटेवरची आहे. पुढे १९७७मध्ये एफए व्हाझ या खालच्या स्तरांतल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत वेम्बलीवर बरोबरी झाली आणि फेरसामना बिलरिकी टाऊनने जिंकला.

दरम्यान भाड्याच्या मैदानांवरची वणवण चालूच होती. ड्रॉनफील्डला बस्तान बसल्यावर २००४मध्ये फिफाने आपला मानाचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दिला. हा सन्मान मिळालेला दुसरा क्लब होता रेआल माद्रिद. २००७मध्ये दीडशेव्या वर्षानिमित्त इंटर मिलानचा संघ ब्रॅमल लेनवर खेळून गेला आणि पाहुणे म्हणून साक्षात पेले आले. मानमरातबाने तिजोरी भरत नाही. त्यामुळे २०११मध्ये क्लबने नियमांचा हस्तलिखित मसुदा आणि जुनी कागदपत्रे सॉदबीज या लिलावगृहाच्या लिलावात काढली. त्यांना ८,८१,२५० पौंड मिळाले. वारसा विकला म्हणून नाक मुरडणे सोपे आहे, पण पैशासाठी खेळाडू न ठेवण्याची किंमत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली, त्यांनी कपाटातले कागद विकून मैदान सांभाळले तर मला त्यात वावगे काही दिसत नाही.