नोंद आहे, फाइल नाही

"ताई, कॅटलॉगमध्ये फाइल दिसतेय, पण उतरवायला गेलं की 'सापडली नाही' असं येतंय." जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पीएचडीचा एक विद्यार्थी दारात उभा राहून सांगत होता. त्या महिन्यातली ही तिसरी तक्रार. पहिल्या दोघांना मी "थोड्या वेळानं पुन्हा करून बघ" म्हणून परत पाठवलं होतं. या वेळी स्टोरेजवर जाऊन स्वतः पाहिलं. फोल्डर होता, मागच्यापुढच्या फाइली होत्या, तेवढी एकच नव्हती.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी चार विभागांचा डेटा सांभाळते. कॅटलॉगचं काम सांगायला सोपं आहे. संशोधकानं फाइलचं एक नाव लक्षात ठेवायचं. ती कुठल्या सर्व्हरवर आहे, तिच्या प्रती किती आणि कुठे, हे कॅटलॉगनं सांगायचं. सर्न ही जिनिव्हाजवळची कणभौतिकी प्रयोगशाळा. तिथल्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राचा डेटा ग्रिडवर, म्हणजे जगभरच्या जोडलेल्या संगणक केंद्रांवर असतो. त्या ग्रिडसाठी सर्ननं एलएफसी नावाचा कॅटलॉग केला होता. त्यात माणसाला वाचता येईल असं नाव, त्यामागे कधीही न बदलणारा ओळख क्रमांक आणि त्या क्रमांकाला जोडलेले प्रतींचे पत्ते अशी रचना होती. आमचा कॅटलॉग त्याच धाटणीचा, खाली मायएसक्यूएल हा डेटाबेस. तो आता रूसिओवर न्यायचा होता. रूसिओ ही त्याच कोलायडरवरच्या ॲटलास प्रयोगानं २०१४च्या अखेरीस वापरात आणलेली, डेटा सांभाळणारी प्रणाली. पण जुन्यातली चूक नव्यात नेण्यात काय अर्थ? म्हणून आधी सगळ्याची मोजणी करायची असं ठरवलं.

मोजणी हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. माझं माहेर भोरचं. सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, ही भांडणं ऐकतच मी मोठी झाले. इथेही दोन्ही प्रकार असतात. नोंद आहे पण फाइल नाही, ती हरवलेली. फाइल आहे पण नोंद नाही, ती बेवारस. या क्षेत्रात तिला डार्क डेटा म्हणतात.

रात्री दहाला कॅटलॉगची यादी काढली आणि लगेच स्टोरेजची यादी सुरू केली. ती पहाटे चारला संपली. दोन्ही लावून पाहिल्या तर नऊ हजारांवर फाइली बेवारस आणि ३१२ हरवलेल्या. स्टोरेज ९२ टक्के भरलेलं. बेवारस फाइली उडवल्या की जागा मोकळी होते, आणि वरूनही तेच विचारणं चाललं होतं. कमांड लिहून तयार होती. त्याआधी यादीतल्या पहिल्या वीस ओळी वाचून काढल्या, आणि तिथेच थांबले.

एका फाइलची वेळ होती १७:०५. तिच्या नावात मात्र २२३५ होतं, म्हणजे रात्रीचे दहा पस्तीस. मधलं अंतर बरोबर साडेपाच तासांचं. यादी निघत असताना नव्या फाइली येतच राहणार हे मला माहीत होतं, म्हणून 'रात्री दहानंतरच्या फाइली वगळ' अशी गाळणी मी लावली होती. पण स्टोरेजच्या यादीतल्या वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत होत्या आणि माझे दहा भारतीय वेळेतले. गाळणी लागू होत होती ती पहाटे साडेतीननंतर. त्या रात्री चालू असलेल्या गणनांचा जवळजवळ सगळा निकाल मी बेवारस ठरवला होता. ती कमांड चालली असती तर कोणाकोणाचं काम गेलं असतं, हे आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

मग पद्धत बदलली. कॅटलॉगची एक यादी आधी, मग स्टोरेजची, मग पुन्हा कॅटलॉगची. कॅटलॉगच्या दोन्ही याद्यांत नाही पण स्टोरेजवर आहे, तीच फाइल बेवारस. दोन्ही याद्यांत आहे पण स्टोरेजवर नाही, तीच हरवलेली. शिवाय तीन आठवड्यांनी हे सगळं पुन्हा करायचं आणि दोन्ही वेळा बेवारस निघेल तेवढंच पुसायचं. रूसिओतही तुलना याच तीन याद्यांची होते. वेळेची गाळणी लावावीच लागत नाही.

बेवारस उरल्या चौदाशेच्या आसपास. बहुतेकांच्या तारखा गुरुवारच्या. दुरुस्तीसाठी गुरुवारी लाईट जाते, यूपीएस सगळ्या मशीनना पुरत नाही. फाइल लिहून झाली आणि नोंद करायच्या आत मशीन बंद पडलं. आधी फाइल, मग नोंद, हा क्रम काही जणांना उलटा वाटतो. मला तोच योग्य वाटतो. बेवारस फाइल नुसती जागा अडवते, रिकामी नोंद मात्र माणसाला फसवते.

हरवलेल्या ३१२ फाइली मागे एका डिस्क-संचाच्या बिघाडात गेल्या होत्या. त्या वेळी "सगळं परत आलं" असं आम्हाला सांगण्यात आलं आणि कोणीही ताडून पाहिलं नाही, मीसुद्धा नाही. २६८ फाइलींची दुसरी प्रत टेपवर होती. ती उतरवून चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, कॅटलॉगमधल्या आकड्याशी जुळवायला घेतला. आम्ही वापरतो तो ॲडलर-३२, मार्क ॲडलर यांनी १९९५मध्ये तयार केलेला. भराभर निघतो आणि सोळाच्या पायात, म्हणजे ० ते ९ आणि a ते f अशा सोळा अंकांत, आठ अंकी येतो. १७ फाइलींचा जुळेना. दोन दिवस टेप खराब झाली असंच धरून चाललो होतो. मग दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले, तेव्हा दिसलं की एकीकडे आठ अंक आहेत आणि दुसरीकडे सात. जुनी स्क्रिप्ट सुरुवातीचा शून्य गाळत होती. सोळातून एकदा पहिला अंक शून्य येणारच, आणि २६८ भागिले १६ केलं तर जवळपास १७च येतात. शून्य लावला, सगळ्या जुळल्या. त्या विद्यार्थ्याची फाइल याच १७ मधली.

उरल्या ४४. त्यांची प्रत कुठेच नव्हती. त्यातल्या ३१ एकाच सरांच्या, ताम्हिणी घाटात पावसाच्या थेंबांचा आकार मोजणाऱ्या यंत्राच्या. ईमेल लिहून ठेवला होता, पण पाठवला नाही. त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं. ते बराच वेळ यादी वाचत राहिले. मग म्हणाले, "त्या रात्रीचा पाऊस काही परत पडायचा नाही." मी म्हटलं, "सर, कॅटलॉगमधल्या नोंदी काढून टाकते, म्हणजे पुढे कोणी फसणार नाही."

"नोंदी काढू नका," ते म्हणाले. "दोन पेपरमध्ये या फाइलींची नावं दिली आहेत. कोणी शोधत आलं तर इथे काहीच नव्हतं असं त्याला वाटू नये. हरवली असं लिहा, कधी आणि कशी तेही लिहा."

तसा एक रकाना वाढवला. बिघाडाची तारीख, कारण, आणि खाली माझं नाव. रूसिओवर जाताना साडेअकरा लाख नोंदींपैकी या ४४ मी सगळ्यात आधी हलवल्या, एकेक उघडून, हातानं तपासून.